एक ठोका म्हणजे नाही

१

सकाळी साडेदहापर्यंत मी कोझोचं सगळं आटोपते. अंग पुसून होतं, पेज भरवून होते, उशीखाली हात घालून त्याला थोडं वर सरकवून होतं. शेगडी बारीक करते, कोमट जवाच्या चहाचा पेला नळीसकट त्याच्या डाव्या हाताशी ठेवते, आणि बाहेर पडताना सरकतं कागदी दार ओढून घेते. फेब्रुवारीत दार उघडं राहिलं तर खोलीतली ऊब दोन मिनिटांत निघून जाते, त्यामुळे ते ओढून घ्यायची सवय हाताला लागली आहे.

कोझो माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. त्या हातात स्टीलचा चमचा असतो आणि खाटेला लोखंडी कठडा आहे. एक ठोका म्हणजे नाही, दोन म्हणजे हो, आणि लागोपाठ तीन म्हणजे इकडे ये. पूर्वीही तो याहून फार काही बोलायचा अशातला भाग नाही.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम दोन चटया मावतील एवढी खोली आहे, तिथे माझं काम चालतं. जुन्या नॉइज कॅसेट लोक मला टपालाने पाठवतात आणि मी त्या संगणकात उतरवून देते. नॉइज म्हणजे गोंगाट. सूर नाही, ताल नाही, पत्रे, रेडिओची खरखर, कर्ण्याची किंकाळी. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, टेप खराब आहे. पण आमच्यात खराब असं काही नसतंच. फटाक झालं, आवाज मध्येच गेला, शेजाऱ्याने शिवी घातली, तरी तो सगळा वादनाचाच भाग. मी काहीही पुसत नाही. टेप एकदा लावली की शेवटपर्यंत ऐकायची, मध्ये थांबवायची नाही, हाही आमचाच नियम. माझा टेप डेक जुना आहे, एक बाजू संपली की खट्ट करतो आणि आपणहून दुसरी सुरू करतो. एका बाजूची तेवीस मिनिटं.

काम करताना एक कान मी उघडा ठेवते, कोझोसाठी. पण काही टेपा दोन्ही कानांनीच ऐकाव्या लागतात. असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे दिवसातली तेवढी शेहेचाळीस मिनिटं मला कुणाचीही बायको नसावंसं वाटे.

त्या मंगळवारी नागोयाहून पुडकं आलं. आत एक कॅसेट होती, फाटक्या पिवळ्या कागदात गुंडाळलेली. मी तो कागद लगेच ओळखला. आमच्याच घराच्या दाराचा होता.

२

चौऱ्याऐंशी साली देशभर मिळून आम्ही वीसेक जण असू. कुणी सप्पोरोत, कुणी क्योतोत, एकमेकांची तोंडं न पाहिलेले. घरी कॅसेट भरायची, तिला एक्स-रेचं नाही तर पॉलिश कागदाचं वेष्टण करायचं, क्रमांक घालायचा आणि टपालात टाकायची. कोझो बोल्टच्या कारखान्यात जायचा आणि येताना पत्र्याचे तुकडे घेऊन यायचा. आमचं नवीन लग्न होतं. सासूबाई म्हणायच्या, "भंगारवाल्याशी लग्न केलं असतंस तर निदान भंगार विकलं तरी असतं त्याने."

त्या साली त्याने 'रुसुबान' केली. घरची माणसं बाहेर गेली की मागे घर राखायला जो थांबतो, तो रुसुबान. दहा प्रती, पण एकीवरून दुसरी उतरवलेली नाही. प्रत्येक प्रत वेगळी भरलेली, दहा संध्याकाळी. संध्याकाळी पाचला तो मागच्या खोलीत पत्र्यासमोर मायक्रोफोन आणि कर्णा लावी, कर्णा किंचाळू लागला की टेप सुरू करी, घराला कुलूप घाली, आणि आम्ही दोघं गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक स्नानगृहात जात असू. अंघोळ, मग बाटलीतलं कॉफी-दूध, मग परत. तोवर घराने एकट्याने वाजवायचं. घरात चिटपाखरूही नाही, हीच त्या टेपची गंमत होती.

दहाव्या संध्याकाळी अंघोळीहून परत आल्यावर तो पुढे घरात गेला. मी चपला काढत होते. आत टेप थांबल्याचा खटका ऐकू आला. मग तो बाहेर आला, मला म्हणाला, "जरा थांब," आणि आम्ही दोघं अर्धा तास दारात उभे राहिलो. मी विचारलं, "अरे, काय झालं काय?" तो म्हणाला, "काही नाही. घर गार होऊ दे."

दहाच्या दहा प्रती त्याने दाराच्या जुन्या कागदात गुंडाळून पाठवून दिल्या, एकही ठेवली नाही. त्यानंतर त्याने मायक्रोफोनला हात लावला नाही. मीही खोदून विचारलं नाही.

आता समोर आली होती ती दहापैकी चौथी.

३

मी हेडफोनने दोन्ही कान झाकले.

पहिली दहा मिनिटं नुसती किंकाळी, तिच्याखाली पत्र्याची थरथर. छान होतं. मला तो तरुण कोझो आठवला, काळ्या नखांचा. मग गोंगाटाच्या तळाशी लोखंडावर ठोके पडले. तीन, लागोपाठ. मी मनात दाद दिली, कुठे ठेवलेत पाहा. थोड्या वेळाने परत तीन.

आणि मग एक बाई म्हणाली, "हो, आले."

लांबून, बोळातून बोलल्यासारखी. आवाज वयस्कर होता. मी टेप थांबवली नाही. चाळीस वर्षांची सवय, हात पुढे होतच नाही. एकटक डेकवरच्या आकड्यांकडे बघत बसले, टेप संपली तेव्हा उठले.

कोझो जागा होता. माझ्याकडे बघत होता, आणि त्याची नजर माझ्यावरून दाराकडे आणि परत माझ्यावर येत होती.

"बोलावलं होतंस का रे?"

दोन ठोके.

"माफ कर. कान झाकले होते. काय हवं होतं?"

एक ठोका. काही नको. पेला भरलेला होता, चहातून वाफ येत होती. साडेदहाला ठेवलेल्या कोमट चहातून साडेअकराला वाफ कशी येईल, हे माझ्या ध्यानात आलं ते बोळात परत आल्यावर. मीच मध्ये उठून दिला असेन, असं म्हणून मी ते सोडून दिलं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला विसरायला काय लागतं.

४

कॅसेट पाठवणाऱ्या नागोयाच्या कुरिमोतोला मी फोन केला. पंचेचाळिशीचा माणूस, दंतवैद्य आहे, आणि कॅसेटला हात लावताना दातांना लावतो त्याहून जास्त जपतो.

"हिसाए-सान! उतरली? कशी आहे? सांगू नका. नको, सांगा."

"दात काढताना पण असेच चिवचिवता का तुम्ही?"

"तेव्हा समोरचा चिवचिवतो."

"त्यात ठोके आहेत. तुम्ही ऐकलेत?"

"ठोके? नाही बुवा. माझ्याकडे चौथी, सातवी आणि दहावी अशा तीन प्रती आहेत, तिन्ही पाठ आहेत मला. पण तुमचा डेक चांगला, तुम्हाला ऐकू येणारच. सातवी पाठवू?"

"आणि बाईचा आवाज?"

तो हसला. "घर रिकामं होतं ना? तुम्हीच तर सांगितलंत. मग बाई कुठली? पाठवतोच सातवी, थांबा."

फोन ठेवल्यावर मी चौथीची संगणकातली फाईल स्पीकरवर लावली. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत ऐकली. नुसता गोंगाट. ठोके नाहीत, बाई नाही. मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे टेपवर काही नव्हतंच. घरातलेच आवाज हेडफोनच्या कडेने आत झिरपले होते. कोझोने बोलावलं, तेच ते तीन ठोके.

भांडी विसळता विसळता मी तिथेच थांबले. ठोके घरातले, हे ठीक. पण मग "हो, आले" हेही घरातलंच झालं. टेपवर असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच्या रिकाम्या घरातलं होतं, आणि टेपवर नसेल तर आजच्या या घरातलं. मी नळ बंद केला आणि बराच वेळ कान देऊन उभी राहिले.

५

सातवी प्रत मी आठवडाभर उघडली नाही. मग शुक्रवारी स्वतःवरच चिडून उघडली. म्हटलं, हिसाए, तरुणपणी तू पत्रा कापायच्या करवतीसमोर मान डोलावत बसायचीस, आणि आता एका कॅसेटला भितेस.

या खेपेला ठोके लवकर आले. "हो, आले" जवळून आलं, आणि आवाज कुणाचा हे कळायला मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला आवडत नाही. मलाही आवडला नाही. त्यानंतर पावलं. उजवा पाय किंचित घासत टाकलेली, माझा गुडघा दुखतो तशी. मग एक छोटी गोड सुरावट, आणि यंत्रातली मुलगी म्हणाली, "अंघोळीचं पाणी तापलं आहे."

पाणी तापवणारं ते बोलकं यंत्र आम्ही बसवलं कोझो आजारी पडल्यावर. चौऱ्याऐंशीत आमच्याकडे न्हाणीघरच नव्हतं.

मी हेडफोन काढून फेकला आणि धावले. न्हाणीघर कोरडं ठणठणीत होतं, यंत्र बंद. पुढच्या खोलीत कोझो छातीवर डावा हात ठेवून पडला होता. त्याच्या डाव्या हाताची नखं कापलेली होती. उशाशी वर्तमानपत्राच्या तुकड्याची पुडी होती, कडा आत दुमडलेली, मी दुमडते तशीच. आत नखं.

"मी कापली का ही?"

एक ठोका.

"ओगिता-सान आल्या होत्या?" ओगिता-सान मदतनीस, गुरुवारी येतात, आणि आल्या की गल्लीला कळतं.

एक ठोका.

"दुसरं कोणी आलं होतं?"

दोन.

"बाई?"

चमचा हवेत राहिला. एक ठोका पडला. मग जरा वेळाने आणखी दोन.

"माझ्यासारखी दिसते?"

दोन.

"तुला भीती वाटते तिची?"

दोन, आणि परत दोन, आणि परत दोन. मी त्याचा हात धरला तेव्हा थांबला. विचारू नये असं वाटत होतं तरी मी विचारलं, "त्या वेळेलाही होती? आपण अंघोळीहून आलो तेव्हा?"

माझ्या तळव्यावर त्याच्या बोटाने दोनदा टिचकी मारली.

मग मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली ते सांगते. तिची नाही. मी कान झाकून मान डोलावत बसते, कोझो माझ्या नावाने तीन ठोके देतो, आणि येते ती. तो ओरडू शकत नाही, कूस बदलू शकत नाही. ती त्याचा हात हातात घेते आणि एकेक नख कापते. हे किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. मी रडले. त्याच्यासमोर रडायचं नाही असं दोन वर्षं पाळलं होतं, ते त्या दिवशी मोडलं.

दुसऱ्या दिवशी हेडफोन खोक्यात घालून खोकं माळ्यावर टाकलं आणि कुरिमोतोला लिहिलं की यापुढे काम बंद, दहावी पाठवू नका.

६

त्याने पाठवली नाही. पुढच्या शनिवारी सकाळी अकराला स्वतःच घेऊन आला, तांदळाच्या गोड वड्यांचा डबा काखोटीला मारून.

"कापड गुंडाळून मांडीवर ठेवून आणली," तो म्हणाला. "आगगाडीत शेजारच्या आजी विचारत होत्या, अस्थी आहेत का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. धक्का तरी मारणार नाहीत."

मी हसले, आणि तिथेच चुकले. हसल्यावर माणसाला दारातून घालवता येत नाही. तो आत आला, कोझोच्या खाटेपाशी गुडघे टेकून अगदी जमिनीपर्यंत वाकला. कोझोने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या पिवळ्या कागदाकडे पाहिलं. एक ठोका. परत एक.

"काय म्हणतायत?"

"नको म्हणतोय. ऐकू नका ती. घरी घेऊन जा."

"हिसाए-सान, जिथे भरली त्याच खोलीत, एकदाच. मी बावीस वर्षं हिच्या मागे होतो. माझा हेडफोन आणलाय. तुम्ही ऐकूसुद्धा नका."

"मी नाही म्हणते ना!"

तेवढ्यात कोझोला ठसका लागला. मी त्याला वर उचललं, पाठ चोळली, नळी तोंडाला लावली. खोकला थांबायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मागे वळून पाहिलं तर कुरिमोतो नव्हता. दार त्याने सभ्यपणे ओढून घेतलं होतं. बोळाच्या त्या टोकाकडून डेकचा खटका आला.

मी उठणार होते. कोझोने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी परत खाली बसले आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. चमचा चादरीवर पडला होता.

मग लोखंडावर तीन ठोके पडले.

कोझोचा हात माझ्या हातात होता, चमचा माझ्या डोळ्यांसमोर. ठोके कठड्यावर पडले नव्हते, तरी आवाज तोच होता, स्वयंपाकघराच्या बाजूने आलेला.

"हो, आले," मी म्हणाले. म्हणजे बोलले ती मी नव्हे. माझे ओठ मिटलेले होते.

पावलं बोळातून आली. उजवा पाय घासत. दारापाशी थांबली. कागदावर काही सावली पडली नाही, पण खालच्या फटीतून येणारा उजेड मधोमध अडला. कोझोच्या बोटाने माझ्या तळव्यावर एक टिचकी मारली. नाही. उघडू नकोस.

"काय हवंय?" दारापलीकडून विचारलं. मी रोज विचारते तसंच, किंचित दमलेल्या आवाजात.

मी ओरडले. जेवढं अंगात होतं तेवढं ओरडले. "कुरिमोतो-सान! टेप बंद करा! कुरिमोतो-सान!"

तो काही आला नाही. मी पुन्हा पुन्हा ओरडले. फटीतला अडलेला उजेड मोकळा झाला. पावलं वळली आणि मागच्या खोलीकडे गेली, सावकाश. त्यानंतर काही नाही. मी कोझोला धरून बसून राहिले, किती वेळ ते घड्याळाकडे बघूनही कळत नव्हतं. शेवटी डेकचा खट्ट आवाज आला, आणि पळत येणारी पावलं. जड, पुरुषाची.

संपलं, असं मला वाटलं. मी उठले, बोळात आले, आणि ऊब जाऊ नये म्हणून मागे दार ओढून घेतलं.

कुरिमोतोच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आवाज आहे! दहावीत खरंच आवाज आहे! एक बाई ओरडते, हिसाए-सान, माझं नाव घेऊन ओरडते! चौऱ्याऐंशीत मी पाच वर्षांचा होतो!"

"ती मी होते. मी तुम्हाला हाका मारत होते."

"तुम्ही?" तो गोंधळला. "नाही, तुम्ही तर माझ्याजवळ होतात. चहा ठेवलात, मग खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या राहिलात. मी वळून आभार मानले नाहीत, माफ करा, टेप चालू असताना वळायचं नाही म्हणून..."

त्याच्या मागे, उघड्या खोलीत, चटईवर हेडफोन पडला होता. त्यातून बारीक किंकाळी येत होती. डेकने दुसरी बाजू सुरू केली होती.

माझ्या पाठीमागे, ओढलेल्या दाराआड, कोझोच्या खोलीत, कुणीतरी म्हणालं, "हो, आले."

मी दाराला हात घातला. ते हलेना. दोन बोटं फट पडली, तेवढीच. फटीतून खाटेचा कठडा दिसला, आणि वाकलेली एक पाठ. माझाच करडा स्वेटर, कोपरावर रफू केलेला. पिकलेले केस माझ्यासारखेच रबराने बांधलेले. तिने एका हाताने त्याची मान उचलली होती, अगदी मी उचलते तशी, आणि दुसऱ्या हाताने नळी त्याच्या ओठांशी नेत होती.

"टेप!" मी कुरिमोतोवर किंचाळले. "जा, टेप बंद करा!"

"मध्येच?" तो म्हणाला.

आत कोझोच्या हाताला चमचा सापडला असावा. कठड्यावर एक ठोका पडला. मग थांबून एक. मग थांबून परत एक.